रस्ता वाचायला शिका

बैलगाडी हाकणाऱ्याचा डोळा लागला तरी बैल बरोबर घरी येतात. वाटेत खड्डा आला तर बैल त्याला वळसा घालतात. चिखल आला तर थबकतात. बैलाला डोळे आहेत आणि जिवाची भीती आहे.

मोटारसायकलला डोळे नाहीत. तिला भीतीही नाही. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव चेतक होते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीचा कारखाना. त्या कंपनीने १९७२ साली एक स्कूटर काढली आणि तिलाही चेतक हेच नाव दिले. नाव एकच, पण फरक मोठा. घोडा स्वतः पाहून पाऊल टाकीत असे. स्कूटर मात्र नेऊ तिकडे जाते. खड्ड्यात नेली तर खड्ड्यातही जाते. म्हणून जो गाडीवर बसतो त्यानेच बैलाचे डोळे आणि बैलाची भीती, दोन्ही जवळ ठेवली पाहिजेत.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मग स्कूटर आली, लुना आली, मोटारसायकल आली. आज शहरात घरोघरी दुचाकी आहे आणि खेड्यातही आहे. कोणी दूध घेऊन पुण्याला येतो, कोणी भाजी घेऊन येतो, कोणी आजारी आईला दवाखान्यात आणतो. गाडी चालवायला लोक चार दिवसांत शिकतात. रस्ता वाचायला मात्र पुष्कळजण शिकतच नाहीत.

मंडळी, तुम्ही आता अक्षरे वाचायला शिकलात. एकेक अक्षर ओळखले की शब्द कळतो. रस्त्याचीही अक्षरे असतात. खड्डा, खडी, चिखल, पाणी, उतार ही ती अक्षरे. ती लांबूनच ओळखता आली पाहिजेत. ती कशी ओळखायची आणि ओळखल्यावर काय करायचे, ते या पाठात पाहू.

१. चाक रस्त्याला कसे धरते?

गाडीला दोन चाके. प्रत्येक चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग किती असतो? सुमारे आपल्या हाताच्या पंजाएवढा. म्हणजे सगळी गाडी, तुम्ही, मागे बसलेली बाई आणि दुधाचे कॅन, हे सारे ओझे दोन पंजांवर उभे असते.

गाडी वळते ती या पंजांच्या जोरावर. थांबते तीही यांच्याच जोरावर. पण या पंजांची ताकद ठरलेली आहे. ती महिन्याच्या पगारासारखी समजा. पगार एका कामात संपला की दुसऱ्या कामाला उरत नाही. गाडी जोरात वळत असताना बरीचशी ताकद वळण्यातच खर्च होते. तेवढ्यात करकचून ब्रेक दाबला तर चाकाची पकड सुटते आणि गाडी आडवी होते.

कोरड्या, स्वच्छ डांबरावर हा पगार भरपूर असतो. ओल्या रस्त्यावर तो कमी होतो. खडीवर आणखी कमी. चिखलावर तर फारच थोडा. रस्ता वाचायचा म्हणजे पुढच्या जागी किती ताकद मिळणार, हे आधी ओळखायचे.

२. आधी वेग, मग खड्डा

आता थोडे गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी जात असेल तर ती एका सेकंदात ११ मीटर जाते. जवळजवळ एका एसटी गाडीच्या लांबीइतकी! खड्डा दिसला, मनाने ‘थांब’ म्हटले आणि हात ब्रेकवर गेला, एवढ्यातच एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ११ मीटर सरले.

त्यापुढे ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला आणखी जागा लागते. तिचा नियम ध्यानात ठेवा : वेग दुप्पट, तर थांबायची जागा चौपट. ताशी २० च्या वेगात ब्रेक लावल्यावर गाडी जेवढ्या जागेत थांबते, त्याच्या चौपट जागा ताशी ४० च्या वेगात लागते.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा नियम असा : वेग खराब जागेच्या आधी कमी करा, खराब जागेवर नव्हे.

पुष्कळजण नेमके उलट करतात. वेगात येतात आणि खड्ड्याच्या काठावर पुढचा ब्रेक आवळतात. ब्रेक लावला की सगळे वजन पुढे येते. पुढचे शॉकअप आधीच दबून बसतात. मग खड्ड्याचा दणका झेलायला त्यांत काही उरतच नाही. दणका सरळ हँडलला आणि हाताला बसतो. शिवाय ब्रेकने आवळलेले चाक खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर चढत नाही, अडते. गाडी तिथेच थांबते आणि बसणारा पुढे जातो.

बरोबर रीत अशी : लांबूनच रेस सोडा. रस्ता सरळ असतानाच दोन्ही ब्रेक हळूहळू लावा. खालचा गिअर घाला. खड्ड्यात चाक जाण्यापूर्वी ब्रेक सोडून द्या. चाक मोकळे फिरत खड्ड्यातून पार होऊ द्या.

गतिरोधकालाही हीच रीत. चढण्याआधी वेग कमी, चढताना ब्रेक मोकळा.

३. डोळा जिकडे, गाडी तिकडे

खड्ड्याकडे टक लावून पाहू नका. माणूस जिकडे पाहतो तिकडेच त्याचे हात वळतात. खड्डा दिसला, तो ओळखला की मग नजर त्याच्या बाजूच्या चांगल्या वाटेवर ठेवा. गाडी आपोआप तिकडे जाते.

आणि नजर चाकापुढे ठेवू नका. लांब ठेवा. पुढच्या गाडीला चिकटून चालू नका, नाहीतर तिच्या चाकाखालून निघालेला खड्डा तुम्हाला एकदम समोर दिसतो. दोनतीन सेकंदांचे अंतर नेहमी मोकळे असावे. ते कसे मोजायचे? पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे मनात म्हणा. तुम्ही त्याआधीच खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात.

खड्डा चुकवताना झटकन आडवे जाऊ नका. मागून एखादा ट्रक किंवा बस येत असते. त्या ड्रायव्हरला तुमचा खड्डा दिसत नाही. आरशात पाहून, हात किंवा इंडिकेटर दाखवून, मगच सरका. जागा नसेल तर वेग कमी करून सरळ खड्ड्यातून जा. दणका बसेल तो परवडला, ट्रकचे चाक परवडणार नाही.

४. रस्त्याची अक्षरे

खड्डा. डांबराला आधी बारीक चीर पडते. चिरेतून पाणी आत मुरते. खालची खडी सैल होते. मग बसचे, ट्रकचे चाक त्यावर आपटत राहते आणि डांबर निघून जाते. म्हणजे खड्ड्याचे मूळ पाणी. पुण्यात जंगली महाराज रस्ता १९७६ साली नव्याने बांधला, तेव्हा बांधणाऱ्या कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती. तो रस्ता त्यानंतरही कितीतरी वर्षे चांगला राहिला, ही गोष्ट पुणेकर अजून सांगतात. पण सगळेच रस्ते तसे नसतात. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की वीतभर खोल आहे की हातभर, ते कळत नाही. पाणी दिसले की खड्डा आहे असेच धरून चाला.

मोठा खड्डा टाळता आला नाही तर काय करावे? मोटारसायकलवर गुडघ्यांनी टाकी धरा. पायांवर जोर देऊन बूड सीटवरून किंचित उचला. कोपर सैल ठेवा. मग दणका पाठीच्या मणक्याला न बसता गुडघ्यांत जिरतो. स्कूटरवाल्यांनी अधिक जपावे. मोटारसायकलचे चाक बहुतेक १७ किंवा १८ इंची असते. स्कूटरचे १० किंवा १२ इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जाते. ज्या खड्ड्यातून मोटारसायकल निघते त्यात स्कूटर अडकू शकते.

बारीक खडी आणि वाळू. बांधकामाच्या कडेला, वळणावर आणि नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्यावर ही असते. तिच्यावर चाक गोट्यांवर फिरावे तसे घसरते. खडीवर शिरण्यापूर्वी वेग कमी करा. शिरल्यावर तीन गोष्टी करू नका : पुढचा ब्रेक आवळू नका, हँडल एकदम वळवू नका, रेस एकदम वाढवू नका. गाडी थोडी डुलेल. डुलू द्या. हँडल हलके धरा. सरळ, एका गतीने पार व्हा.

चिखल, शेण आणि पाचट. ट्रॅक्टर काळ्या रानातून निघून डांबरी रस्त्यावर येतो तेव्हा त्याच्या चाकांची ढेकळे रस्त्यावर पडतात. पावसाचा शिडकावा झाला की त्यांचा साबण होतो. शेणाच्या पोचेही तसेच. गळिताच्या दिवसांत उसाचे पाचट आणि कांड्या रस्त्यावर पडतात. रानातली वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथे ही निसरड असणारच असे समजा. आणि शेतकरी बंधूंनो, आपल्या ट्रॅक्टरचा चिखल रस्त्यावर पडला तर तो फावड्याने बाजूला ओढा. त्यावरून घसरणारा माणूस कोणाचा तरी पोरगा असतो.

पहिला पाऊस. मृगाचा किंवा वळवाचा पहिला पाऊस सर्वांत फसवा. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, तेल आणि रबराचा भुगा साचलेला असतो. पहिल्या सरीने त्याचा राडा होतो. शक्य असेल तर पंधरावीस मिनिटे आडोशाला थांबा. जोराच्या सरीने रस्ता धुऊन निघू द्या.

लोखंड आणि रंग. शहरात चेंबरची झाकणे, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे आणि पांढरे पट्टे असतात. कोरडे असताना ते त्रास देत नाहीत. ओले झाले की काचेसारखे होतात. त्यांच्यावर ब्रेक लावू नका, वळू नका. सरळ ओलांडा. रेल्वेचे रूळ ओलांडतानाही आडवे, काटकोनात ओलांडा. तिरपे गेलात तर चाक रुळाच्या खाचेत अडकते.

साइडपट्टी. डांबराची कड आणि बाजूची माती यांत कधीकधी वीतभर पायरी पडलेली असते. समोरून बस आली की दुचाकी खाली उतरते. उतरणे सोपे, पण वर चढताना घात होतो. चाक कडेला घासत राहते, वर चढत नाही, आणि गाडी डांबरावरच आडवी होते. म्हणून खाली उतरलात तर आधी वेग अगदी कमी करा. मागून कोणी येत नाही हे पाहा. कडेपासून थोडे दूर व्हा आणि मग चांगला कोन करून चाक कडेवर चढवा. घाई करू नका.

५. वाहते पाणी

पुण्यात मुठा नदीच्या पात्रात बाबा भिडे पूल आहे. हा पूल कमी उंचीचा आहे. खडकवासला धरणातून जास्त पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद करतात. आपल्या गावच्या ओढ्यावरचा फरशी पूलही तसाच. पाणी पुलावरून वाहत असेल तर गाडी घालू नये. इथे कौशल्य उपयोगाचे नाही. वाहते पाणी चाकाला बाजूने ढकलते, आणि पाण्याखाली पुलाची कड दिसत नाही. पुलाचा काही भाग वाहून गेला असेल तर तोही दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबावे. रात्र झाली तर पाहुण्याकडे मुक्काम करावा.

साठलेले, न वाहणारे पाणी असेल आणि खोली माहीत असेल तरच जावे. पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस ठेवून, मधे न थांबता पार व्हावे. बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात आणि नीट लागत नाहीत. मागेपुढे पाहून, हळू चालत, दोन्ही ब्रेक हलके लावत सुकवून घ्यावेत.

६. घाट

आषाढीला ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जोडतात. बैलांना चढ अवघड. मोटारसायकलीला मात्र उतार अवघड.

पुष्कळजण पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करतात, नाहीतर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हे फार वाईट. इंजिन गाडीला मागे ओढून धरते, तो आधार जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. वाचलेले पेट्रोल थोड्या रुपयांचे, आणि पणाला लागतो तो जीव. बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनाचा आधार कमी असतो. तिने अधिक सावकाश उतरावे आणि ब्रेक मऊ पडू लागले तर थांबून ते निवू द्यावेत.

वळणाच्या आधी वेग कमी करा. वळणात ब्रेक दाबू नका. आपली डावी बाजू सोडू नका. सिंहगडाच्या घाटासारख्या जागी पावसाळ्यात दरड पडते, धोंडे रस्त्यावर येतात. वळणापलीकडे धोंडा आहे असे समजूनच वळावे.

७. मागे बसणारे आणि ओझे

गाडीवर चालवणारा एक आणि मागे एकच माणूस, असा कायदा आहे. दोघांनीही हेल्मेट घालावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसे कलम आहे. हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण पाहावी आणि हनुवटीखालचा पट्टा आवळावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याआधी दूर जाते. चार वर्षांच्या आतले मूल बरोबर असेल तर वेग ताशी ४० च्या आत ठेवावा, मुलाला पट्ट्याने नीट बांधावे आणि त्याच्या मापाचे हेल्मेट घालावे, असा नियम आहे.

मागे बसणाऱ्या भगिनींनी पदर आणि ओढणी आवरून बसावे. चाकाजवळचा साडी गार्ड काढून टाकू नये. एका बाजूला पाय सोडून बसले तर खड्ड्यात तोल जातो. दोन्हीकडे पाय टाकून बसणे अधिक चांगले. खड्डा येताना चालवणाऱ्याने ‘धरून बसा’ असे आधी सांगावे. मागच्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही.

दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे बांधावेत. अर्धा भरलेला कॅन जास्त त्रास देतो. त्यातले दूध हिंदकळते आणि वळणावर गाडी ओढते. दोन अर्धे नेण्यापेक्षा, तोल साधत असेल तर भरलेले न्यावेत.

८. निघण्यापूर्वी

टायर बघा. खाचांच्या तळाशी एक छोटा उंचवटा असतो. खाच झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर बदला. हवा गाडीच्या पुस्तकात सांगितली असेल तेवढीच भरा. हवा कमी असली तर खड्ड्यात रिम वाकते. जास्त असली तर चाक उसळते आणि पकड कमी होते. दोन्ही ब्रेक आणि दिवा तपासा. नव्या गाड्यांना एबीएस नावाची सोय असते. ब्रेक दाबल्यावर चाक एकदम जाम होऊ नये म्हणून ती असते. ती चांगली आहे. पण तीही खडीवर डांबराची पकड आणू शकत नाही.

९. साडेचार मिनिटांचा हिशेब

लोक म्हणतात, ‘गुरुजी, सावकाश गेलो तर उशीर होतो.’ किती उशीर होतो ते पाहू.

समजा, गावापासून पुण्यापर्यंत ३० किलोमीटर रस्ता आहे. त्यातला ३ किलोमीटर रस्ता खराब आहे. तेवढाच रस्ता ताशी ४० ऐवजी ताशी २० ने गेलो. ताशी ४० ने ३ किलोमीटरला साडेचार मिनिटे लागतात. ताशी २० ने नऊ मिनिटे. फरक साडेचार मिनिटांचा. एक कप चहा पिण्याइतका!

उलट, एक पाय मोडला तर दोनतीन महिने काम बंद. पेरणी राहते किंवा सुगी हातची जाते. दवाखान्याचे कर्ज होते. डोक्याला मार लागला तर घरच बसते. दारात उभी असलेली माणसे उशिरा येणाऱ्यावर रागावतात, पण त्यांना तो हवा असतो.

रस्ता चांगला करणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. त्यासाठी ग्रामसभेत बोलावे, अर्ज करावा. लिहायला आता तुम्ही शिकलाच आहात. पण तो रस्ता होईपर्यंत उजव्या हातातली रेस आपल्याच हाती आहे.

लक्षात ठेवा

वेग खराब जागेच्या आधी कमी करा.
खड्ड्यात, खडीवर, ओल्या लोखंडावर ब्रेक दाबू नका.
नजर लांब आणि चांगल्या वाटेवर ठेवा.
वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.
घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका.

शब्दांचे अर्थ

पकड – चाकाने रस्त्याला धरून राहणे.
साइडपट्टी – डांबरी रस्त्याच्या कडेची मातीची किंवा मुरमाची पट्टी.
फरशी पूल – ओढ्यावरचा, कमी उंचीचा, सपाट पूल.
हिंदकळणे – भांड्यातले पाणी किंवा दूध इकडेतिकडे उसळणे.
दरड – डोंगराचा ढासळलेला भाग.

प्रश्न

१. खड्ड्याच्या काठावर पुढचा ब्रेक का आवळू नये?
२. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात किती मीटर जाते?
३. साइडपट्टीवरून पुन्हा डांबरावर कसे चढावे?
४. तुमच्या गावच्या रस्त्यावरच्या तीन खराब जागा कोणत्या? त्या वहीत लिहा आणि घरात जो गाडी चालवतो त्याला वाचून दाखवा.